पूक्को आणि विळी

फिन्निश भाषेत लाकडाला ‘पू’ म्हणतात आणि सुरीला ‘पूक्को’. यांतला पहिला शब्द मराठी कानाला फारसा बरा लागत नाही, हे मान्य. पण त्या दोन शब्दांचे नाते मात्र मला मोठे गोड वाटते. आपली सुरी संस्कृतातल्या ‘क्षुरा’पासून, म्हणजे वस्तऱ्यापासून आली, तिच्या नावातच कापणे आहे. पूक्को हे नाव बहुतेक जाणकारांच्या मते लाकडावरून पडले. मूठ लाकडाची म्हणून म्हणा, की सारा जन्म लाकडाच्या सहवासात म्हणून म्हणा, त्या लोकांनी सुरीचे नाव ठेवताना तिची धार पाहिली नाही, तिचा सोयरा पाहिला. नावे ठेवण्याची ही रीत मला आवडली. माणसांच्या बाबतीतही, हा कुणावर धावून जातो ते न पाहता याचे कुणाशी जमते ते पाहून नावे ठेवली असती, तर पुष्कळ बखरी निराळ्या लिहाव्या लागल्या असत्या.

दिसायला ही सुरी अगदी साधी. पाते चार बोटे लांब, क्वचित थोडे अधिक. पाठ सरळ, पोट टोकाकडे किंचित वर चढणारे. मूठ बर्चच्या लाकडाची, नाही तर त्याच झाडाच्या सालीचे तुकडे एकावर एक दाबून केलेली. तलवारीला पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर हात घसरू नये म्हणून आड असते, तशी आड हिला बहुधा नसते. म्यान चामड्याचे आणि खोल. पाते तर त्यात जातेच, पण निम्मी मूठही आत जाते, आणि सुरी कमरेला लोंबत राहते. आमच्या कोकणात कमरेच्या आकडीला कोयती अडकवून बागेत निघालेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला फिन्लंडचा जुना शेतकरी परका वाटायचे कारण नाही. आमच्या कोयतीच्या वाट्याला झाप, कवळ आणि कुंपणाच्या काठ्या येतात. तिच्या वाट्याला चमचे, पेले, मासे आणि पाव असे सगळेच येते.

मला या सुरीची गरज पडली ती माझ्या मुलीमुळे. ती बारा वर्षांची आहे. मास्तराच्या घरात खडूंना तोटा नसतो, आणि आमच्या घरातले खडू गेले वर्षभर कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाखाली बगळे, मासे आणि मारुती होत आले आहेत. खडूचा बगळा सुरेख होतो, पण टिकत नाही. पहिल्या धक्क्याला त्याची मान जाते. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तिने सात बिनमानेचे बगळे माझ्या टेबलावर ओळीने मांडले आणि विचारले,

“बाबा, लाकूड कोरायला काय लागतं?”

मी सवयीने सांगितले, “चिकाटी.”

“ती आहे,” ती म्हणाली. “सुरी नाही.”

माझी आई आतून ऐकत होती. तिने तिथूनच निकाल दिला. “अरे, काहीतरीच काय! एवढ्याशा पोरीच्या हातात सुरी? बोट गेलं म्हणजे मग बसशील कपाळाला हात लावून.” आणि लगेच पुढच्या श्वासात, “तू गं, इकडे ये बघू. भेंडी चिरायची राहिलीय.”

मुलगी उठली आणि विळीवर जाऊन बसली.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. एक पाय दुमडून पाटावर, एक गुडघा वर. समोर वीतभर उंचीचे, वर वळलेले उघडे पाते आणि त्याच्या टोकाला खवणीचे दात. त्या पात्याला म्यान नाही, आड नाही, काही नाही. भेंडी दोन्ही हातांनी त्याच्याकडे न्यायची आणि बोटे वेळेवर मागे घ्यायची. हे काम ती आठव्या-नवव्या वर्षापासून करते आहे, आणि तिने ते सुरू केले तेव्हा घरात कुणी सभा भरवली नव्हती. चांगल्या सुरीची चौकशी करताना दुकानदार विचारतात, “घडीची हवी की स्थिर पात्याची?” स्थिर पात्याचे एवढे जुने, एवढे धारदार हत्यार आपल्या घराघरात जमिनीवर पडलेले असते, आणि आपण त्याला हत्यारही म्हणत नाही.

आईच्या डाव्या तर्जनीवर एक पांढरी रेघ आहे. ती मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिची कथा मात्र त्या रात्री प्रथम विचारली. आई आठ वर्षांची होती. घरात काही कार्य होते आणि तिला केळफूल चिरायला बसवले होते. केळफुलाच्या चिकाने हात बुळबुळीत झाले आणि बोट पात्यावर गेले. आजीने हळद दाबून चिंधी बांधली. “आणि बोलणी बसली,” आई म्हणाली.

“कशाबद्दल?”

“भाजीबद्दल. रक्त लागलं ना, टाकावी लागली सगळी.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विळीवर बसली होती. मी तिला विचारले, “तेव्हा कुणी म्हणालं नाही, की हिच्या हातात पातं देऊ नका?” तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी शाळेत काय शिकवतो याची तिला काळजी वाटावी. “अरे, ती विळी होती,” ती म्हणाली. “सुरी नव्हे.”

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करीत होतो. पाते तेच, लोखंड तेच, बोटही तेच. पण घरच्या कामासाठी मुलीच्या पुढ्यात येते ते पाते धोक्याचे नसते; तिने स्वतःच्या हौसेसाठी मागितले, की त्याला एकदम धार येते. आईला हे सारे असे मांडून दाखवण्याची माझी छाती झाली नाही, आणि तशी गरजही नव्हती. तिची भीती खोटी नव्हती. ज्या माणसाचे बोट कापले आहे त्याला भिण्याचा हक्क असतो. मी ठरवले, की वाद घालायचा नाही. सुरी मात्र अशी निवडायची, की भीतीला उत्तर सुरीनेच द्यावे.

ज्या हत्याराने भोसकायचे त्याची घडण निराळी आणि ज्याने कोरायचे त्याची निराळी, हे मला या शोधात कळले. बाजारात नवखा माणूस पहिल्यांदा लांब पात्याकडे वळतो. सिनेमातल्या नायकाने तसे शिकवलेले असते. पण लाकूड कोरताना जोर मुठीजवळ असतो. पात्याचे टोक जितके दूर, तितका त्याच्यावरचा ताबा कमी. फिन्लंडच्या शेजारी, स्वीडनमध्ये मोरा गावी कोरीवकामासाठी केल्या जाणाऱ्या दोन सुऱ्या लाकूडकाम करणाऱ्यांत प्रसिद्ध आहेत. एकीचे पाते साधारण ६० मिलिमीटर, दुसरीचे साधारण ८२. आपल्या कांदा चिरायच्या सुरीपुढे ही पाती म्हणजे भातुकलीतली वाटतात. चमचे मात्र त्यांनीच होतात.

दुसरी गोष्ट धारेची, आणि पूक्कोची सारी विद्या इथे आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीचे पाते पाठीपासून पातळ होत येते आणि अगदी शेवटी, केसाएवढ्या पट्टीत, धारेचा निराळा उतार असतो. पूक्कोच्या पात्याच्या बाजू निम्म्या उंचीपर्यंत सरळ येतात आणि तिथून दोन्ही अंगांनी एकच सपाट, रुंद उतार थेट धारेपर्यंत जातो. दोन्ही उतारांमधला कोन २० ते २५ अंशांचा. सुताराचा रंधा जसा सपाट बुडावर लाकडावर बसतो, तसा हा उतार लाकडावर टेकतो. मनगट किंचित उचलले की पाते आत शिरते, किंचित टेकवले की ढलपी सोडून बाहेर येते. म्हणजे किती खोल जायचे हे ठरवायला जोर लागत नाही. उतार लाकडाला विचारतो आणि हाताला सांगतो. पाजवतानाही तेच. तो रुंद उतार दगडावर पालथा ठेवायचा आणि पाणी शिंपडून घासायचा. कोन चुकायचा प्रश्न कमी. शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर, न्हावी वस्तरा ओढत असे तसे, दहा-वीस हात. बारा वर्षांच्या मुलीला हे आठवड्यात येते. आणि धार राखता येणे हा सुरक्षिततेचा निम्मा भाग आहे. आईनेच एकदा शेजारच्या सुनेला सांगितलेले मी ऐकले होते, “बोथट विळीवर बसू नको गं, बोट घेईल.” बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि लावलेला जोर पाते निसटले की कुठे जाईल हे कुणाच्या हाती नसते.

तिसरी गोष्ट आडेची. इतके धारदार पाते, आणि बोट घसरू नये म्हणून काही नाही, हे मलाही आधी पटेना. मग कुणी कोरताना पाहिले आणि उलगडा झाला. कोरणाऱ्याचा हात एका जागी राहत नाही. कधी अंगठा पात्याच्या पाठीवर येतो, कधी तर्जनी पुढे सरकते, कधी चार बोटे मुठीवर आणि अंगठा लाकडावर टेकवून बटाटा सोलावा तसे पाते जवळ ओढायचे असते. मध्ये आड असेल तर यांतले निम्मे काम अडते. भोसकणाऱ्याला आड हवी असते, कोरणाऱ्याला तिची अडचण होते. तिथेही मुलांसाठी केलेल्या काही सुऱ्यांना लहानशी आड ठेवतात. पण जाणत्यांची पूक्को हातावर विश्वास टाकते. आणि विश्वास टाकला, की हात आपोआप जपून वागू लागतो, असा वर्गातला माझाही अनुभव आहे.

चौथी गोष्ट पोलादाची. न गंजणारे पोलाद घ्यावे की साधे कार्बनचे? कोकणात राहणाऱ्याने हा प्रश्न विचारूच नये, असे कुणीही म्हणेल. आमच्या पावसात चष्म्याच्या दांडीलाही गंज चढतो. पण साधे पोलाद लवकर पाजवले जाते आणि बारीक धार घेते. शिवाय आईची विळी काही स्टेनलेसची नाही. कैरीने ती काळी पडते, केळफुलाने डागाळते, आणि गेली तीस वर्षे घर चालवते. “रोज वापरलेल्या लोखंडाला गंज येत नाही,” असे आई म्हणते. काम झाले की पुसायची आणि खोबरेलाचे बोट फिरवायचे. आळशी माणसाने स्टेनलेस घ्यावे. त्यातही चांगली पाती मिळतात. मोरा गावचे कारागीर कोरीवकामाच्या पात्यात मध्ये कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ पोलाद असे तीन थर देतात. धार मधल्या थराची, सोसणे बाहेरच्यांचे. आपले जुने लोहार कुऱ्हाडीच्या लोखंडी तोंडाला पोलाद जोडीत, त्याच जातीची ही युक्ती.

एवढे सारे कळल्यावर कुणालाही वाटेल, की या फिन् लोकांनी सुरीने चमचेच केले. तसे नाही. फिन्लंडच्या पश्चिमेला दक्षिण ऑस्ट्रोबोथ्निया नावाचा सपाट, सुपीक प्रदेश आहे. १८व्या शतकाच्या अखेरीपासून १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सुरीबाजांचा असा सुळसुळाट होता, की त्यांना ‘पूक्कोयुंक्कारी’ हे नावच पडले. बिनबोलावता लग्नात शिरायचे, कुरापत काढायची आणि सुऱ्या उपसायच्या, हा त्यांचा धर्म. त्यांच्यावर गाणी झाली, आणि ती आजही गायली जातात. गंमत अशी, की या दंगलींसाठी जे कौहावा गाव बदनाम होते, तेच पुढे सुऱ्या घडवण्यासाठी नावाजले. ईसाक्की यार्वेनपा याने तिथे १८७९ साली सुरू केलेला सुऱ्यांचा धंदा आजही त्याच्या नावाने चालतो. आज फिन्लंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी कारणावाचून सुरी बाळगायला कायद्याने बंदी आहे. आणि तरीही कुणाला मानाची भेट द्यायची तर पूक्को देतात. त्या लोकांनी सुरीचे दोन्ही चेहरे पाहिले आणि तिला घराबाहेर काढले नाही. तिचे स्थान ठरवून दिले.

त्यांच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यातही सुरीची एक कथा आहे. एलियास लोनरोट याने लोकगीते गोळा करून ते प्रथम १८३५ साली आणि वाढवून १८४९ साली प्रसिद्ध केले. त्यातला कुल्लेर्वो हा पोरका पोर इल्मारिनेन लोहाराच्या घरी गुरे राखायला असतो. लोहाराची बायको थट्टेने त्याच्या भाकरीत दगड भाजून देते. रानात भुकेल्या पोराने भाकर कापायला सुरी घातली, ती दगडावर मोडली. वडिलांची म्हणून त्याच्यापाशी जगात तेवढी एकच वस्तू होती. पुढे जो अनर्थ होतो तो त्या मोडलेल्या पात्यापासून सुरू होतो. त्याच घरात लोहार होता, पाते नवे मिळाले असते; पण ज्याने सुरी दिली तो मिळाला नसता. ही कथा वाचली आणि मला प्रथम जाणवले, की मुलाला सुरी देणे म्हणजे नुसती वस्तू देणे नव्हे. ‘तुझ्या हातावर माझा भरवसा आहे’ असे एका माणसाने दुसऱ्याला सांगणे आहे.

मी मास्तर असल्यामुळे आणखी एका फिन् माणसाविषयी मला विशेष ममत्व आहे. त्याचे नाव ऊनो सिग्नेउस. हा आधी पाद्री होता. काही वर्षे दूर अलास्कात सिट्का येथे राहून आला. युवास्कुला येथे १८६३ साली निघालेल्या शिक्षक-विद्यालयाचा तो पहिला प्रमुख. त्याच्या खटपटीने १८६६च्या शाळा-कायद्यात हस्तकौशल्य हा विषय आला. खेड्यांतल्या शाळांत मुलग्यांना तो सक्तीचा झाला. मुलांना सुतार करायचे हा त्याचा हेतू नव्हता. हाताला शिस्त लागली की बुद्धीलाही लागते, असे त्याचे म्हणणे. स्वीडनचा ओट्टो सालोमोन १८७७ साली त्याला भेटून गेला आणि नेस येथल्या आपल्या विद्यालयात त्याने हाच विचार पुढे नेला. देशोदेशींचे शिक्षक तिथे शिकायला येत. सालोमोनच्या पद्धतीत मुलाच्या हातात पहिले हत्यार द्यायचे ते सुरी, आणि सुरुवात एखादी लहानशी काडी तासण्यापासून. पण त्या विद्येतही मुलींना पुष्कळ काळ सुईदोऱ्याकडेच बसवले, हेही सांगितले पाहिजे. लाकूडकाम आणि शिवणकाम मिळून मुलामुलींना एकच विषय, ही गोष्ट फिन्लंडच्या अभ्यासक्रमात पुरती आली ती २०१६ साली. म्हणजे एक सुरी आणि एक मुलगी यांमधले अंतर तोडायला तिकडेही १५० वर्षे लागली.

आपल्याकडेही हा विचार नव्हता असे नाही. वर्ध्याला २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षणपरिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण हा ठराव तिथेच झाला. टकळी पुष्कळ शाळांत फिरली. मग फिरायची थांबली. त्यानंतर वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ आला आणि त्या तासाला बहुधा गणिताचा राहिलेला भाग पुरा होऊ लागला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे, असे म्हटले आहे. ते वाचून मला आनंद झाला. सुताराकडे धाडलेल्या मुलांमुलींच्या हातात तो सुतार काय देईल, आणि आपण काय देऊ देऊ, हे मात्र कोणत्याही धोरणात लिहिता येत नाही. ते घराघरात ठरते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि मास्तरकी अधिक कादंबऱ्या अशा दुहेरी गरिबीत तो लहान नसतो. हाताने घडवलेल्या, दर्दी लोक संग्रहात ठेवतात तसल्या पूक्कोची किंमत ऐकून मी नमस्कार केला. दुसऱ्या टोकाला, तिकडचे सुतार आणि वायरमन रोज वापरतात त्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या कारखानी सुऱ्या. त्या स्वस्त असतात आणि पाते उत्तम असते. कुणी मला सल्ला विचारला तर मी आधी तीच सांगेन. १९२८ साली रोव्हानिएमी येथे सुरू झालेल्या मार्तीनीसारख्या कारखान्यांच्या लाकडी मुठीच्या सुऱ्या या दोहोंच्या मधल्या. पण या चौकशीतच मला एक चौथी वाट सापडली. फिन्लंडमध्ये नुसती पातीही विकतात. पाते विकत घ्यायचे आणि मूठ आपण करायची, ही तिथली जुनी रीत; ज्याचा हात त्याची मूठ. पैसे अख्ख्या सुरीपेक्षा पुष्कळ कमी लागतात. जे पैशात कमी पडते ते हाताने भरून काढायचे, हा व्यवहार मला आमच्या घराच्या इतिहासाशी जुळणारा वाटला.

माझा एक जुना विद्यार्थी हेलसिंकीजवळ एस्पो येथे नोकरीला आहे. तो गणपतीला येणार होता. मी त्याला कळवले. तो फोनवर म्हणाला, “सर, नुसतं पातं कशाला? अख्खी सुरी आणतो की, माझ्याकडून.” मी म्हणालो, “अख्खी आणलीस तर ती तुझी सुरी होईल. पातंच आण, आणि पैसे घ्यायचे असतील तरच आण.” त्याने आणले; सामानाच्या पेटीत, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून. कार्बन पोलादाचे, सुमारे ८ सेंटिमीटरचे, आणि मागे मुठीत शिरायचे निमुळते शेपूट. आईने ते हातात घेतले, अंगठ्याने धार आडवी चाचपली, आणि काही बोलली नाही. वाईट असते तर बोलली असती.

मुठीला वाळलेले लाकूड हवे. ओले लाकूड पुढे आक्रसते आणि चिरते. भर पावसाळ्यात वाळके लाकूड कुठले मिळायला? सुताराकडे गेलो, त्याने आठ दिवसांनी या म्हणून सांगितले. घरी येऊन पाहतो, तर ओटीवर एक फणसाचा पाट पडलेला. आमच्या जुन्या विळीचा. तिचे पाते झिजून काडी झाल्यावर आईने ती माळ्यावर टाकली होती. पाटावर पात्याच्या खाचेचा काळा डाग होता आणि बसणाऱ्यांच्या पायाने एक कड गुळगुळीत झाली होती.

“चाळीस वर्षं वाळलंय,” आई म्हणाली. “याहून वाळकं कुठं मिळणार तुला?”

सुताराने चौकोनी तुकडा कापून मधोमध भोक पाडून दिले. पुढचे काम मुलीचे. कानस आणि पॉलिशपेपर घेऊन ती चार रविवार ओटीवर बसली. मूठ गोल नको, लंबगोल हवी, म्हणजे अंधारातही धार कोणत्या अंगाला आहे हे हाताला कळते, एवढेच मी सांगितले. बाकी तिची मूठ तिच्या पंज्याने ठरवली. माझ्या हातात ती आता लहान होते. पात्याला ओले फडके गुंडाळून, शेपूट तापवून, लाखेत बसवून दिले ते आमच्या गावच्या लोहाराने. पात्याला उष्णता लागू देऊ नका, पाणी उतरेल, हे मी त्याला सांगायला गेलो, तेव्हा तो नुसता हसला. मग जवसाच्या तेलाचे दोन हात. फणसाचा पिवळा रंग खुलून आला.

दसऱ्याच्या दुपारी मी मागच्या पायरीवर बसून मुलीला चार गोष्टी दाखवल्या. पांगाऱ्याची ओली फांदी आणली होती. सावंतवाडीची खेळणी करायला जुने कारागीर वापरीत ते हे मऊ लाकूड. आधी हात पसरून स्वतःभोवती फिरायचे. त्या रिंगणात कुणी असेल तर सुरी म्यानाबाहेर काढायची नाही. कोपरे गुडघ्यांवर, पाते मांडीच्या बाहेर. लाकूड धरणारा हात नेहमी धारेच्या मागे. हसू-बोलू लागलो की आधी सुरी म्यानात. मग एक शेवटची युक्ती. काडी लांब असेल आणि जोर हवा असेल, तर सुरीचा हात गुडघ्याला टेकवून पक्का रोवायचा आणि पाते हलू न देता लाकूडच मागे ओढायचे. लांबलचक ढलपी निघाली आणि पायरीवर पडली.

आई दारात उभी होती. “अगोबाई,” ती म्हणाली, “म्हणजे विळीच की ही!”

मी सुरी पुसली, म्यानात घातली आणि मुलीपुढे केली. आई एकदम पुढे आली. आमच्याकडे मीठ आणि धारेची वस्तू हातात देत नाहीत; दिली तर भांडण होते म्हणतात.

“हातात नको देऊ रे,” ती म्हणाली. “खाली ठेव. तिची ती उचलेल.”

मी सुरी पायरीवर ठेवली. मूठ मुलीकडे, टोक माझ्याकडे.